हसऱ्या फोटोवरचं कमिशन

ती केस आठवली की अजूनही मी खुर्चीत सरसावून बसतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, समुद्रातून उतरलेला माल पकडला. पण एका फोटोने जेवढं माझं रक्त सळसळवलं तेवढं कुठल्या दरोड्यानेही नाही. बायको म्हणते, ही गोष्ट सांगायला लागलात की तुमचा आवाज चढतो. चढतोच! नावं मात्र कुणाचीही घेणार नाही, कारण यातली सगळी माणसं अजून त्याच किनाऱ्यावर राहतात आणि एकमेकांच्या लग्नाकार्याला जातात.

मी मूळचा शिरोड्याचा. सगळी नोकरी घाटावर गेली आणि शेवटची नेमणूक नशिबाने आपल्या जिल्ह्यात, किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात मिळाली. त्या सकाळी हजेरी आटोपून मी चहाचा कप उचलतो न उचलतो तोच ठाणे अंमलदार आत आला. एक गृहस्थ मुलीला घेऊन आलेत, तक्रार काय ते सांगत नाहीत, नुसतं साहेबांना भेटायचंय म्हणतात. अशी माणसं बहुधा चोरीमारीची नव्हे, लाजेची तक्रार घेऊन आलेली असतात. त्यांना बाहेरच्या टेबलापाशी प्रश्न विचारले तर ती परत जातात. मी दोघांना आत बोलावून दार लोटून घेतलं.

गृहस्थ मिठबावचे, आंब्याचे बागायतदार. मुलगी विशी ओलांडलेली, गावच्या बालवाडीत शिकवणारी. बापाने खिशातून मोबाइल काढला आणि माझ्यासमोर धरला.

"साहेब, ह्या माजा चेडू. आणि आता ह्या बगा."

दुसऱ्या लग्नाच्या जमवाजमवीची एक जाहिरात होती. 'घटस्फोटानंतरही आयुष्य आहे' असं मोठ्या अक्षरांत, आणि शेजारी समोर बसलेली हीच मुलगी. हातात हिरवा चुडा, गळ्यात मंगळसूत्र, डोक्यावर पदर, मान वळवून खळखळून हसणारी.

"लगीन जावक नाय आणि घटस्फोट झालो!" बाप म्हणाला. त्याला हसावं की रडावं ते कळत नव्हतं. मुलगी मात्र सरळ माझ्याकडे बघत होती.

हकिगत अशी. मुलीचं लग्न कुणकेश्वरच्या एका मुलाशी ठरलं होतं. मुलगा जहाजावर नोकरीला, सुट्टीवर घरी आलेला, साखरपुडा तोंडावर. मुंबईत राहणाऱ्या त्याच्या आत्याच्या मोबाइलवर ही जाहिरात आली आणि तिने ती घरी पाठवली. कुणकेश्वरहून निरोप आला, 'तूर्त थांबूया.' तूर्त थांबूया म्हणजे काय ते आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. गावात लगेच सुरू झालं, की हिचं आधी एक झालेलं होतं, मुंबईला नेऊन मोडलं. मुलाकडचे दुसरं स्थळ बघायला लागले होते.

"हा फोटो तुझाच आहे ना?" मी मुलीला विचारलं.

"माझाच आहे, सर. शाळेच्या स्नेहसंमेलनातला. मी जुनी विद्यार्थिनी म्हणून नाटकात काम केलं होतं, होडीवरच्या तांडेलाच्या बायकोचं. मंगळसूत्र आईचं होतं." मग तिची प्रमाण मराठी सुटली. "टीचरनी काढलेलो फोटो. पण टीचर असा करूच्यो नाय."

गाव मात्र टीचरनेच केलं असं धरून बसलं होतं. ही टीचर त्याच शाळेतली, ख्रिस्ती घरातली, आजोळ गोव्याचं. तिला फोटोंचा नाद होता आणि ती फोटो विकते हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी बोलावणं पाठवायच्या आधीच ती स्वतः ठाण्यात आली. तिच्या अंगणात जाऊन कुणीतरी वाटेल ते बोलून आलं होतं. रडून डोळे सुजलेले होते, पण बाई रागाने नुसती फणफणत होती.

"सर, माझं प्रोफाइल तुम्ही स्वतः उघडून बघा," ती म्हणाली आणि लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला.

तेव्हा मला हा धंदा पहिल्यांदा नीट कळला. परदेशातल्या काही कंपन्या म्हणजे फोटोंची घाऊक दुकानं. जगातल्या कुणीही आपले फोटो तिथे ठेवायचे आणि जाहिरातवाले, वर्तमानपत्रवाले ते विकत घेतात. फोटो ठेवणाऱ्याचं तिथे स्वतःचं पान असतं, त्याला काँट्रिब्यूटर प्रोफाइल म्हणतात. टीचरच्या पानावर होड्या होत्या, जाळी होती, वाळत घातलेले बांगडे होते, हापूसच्या पेट्या होत्या. माणसाचा चेहरा एकही नव्हता.

"चेहरा दिसला की त्या माणसाच्या सहीचा परवानगीचा कागद लागतो," ती म्हणाली. "मी कोणाच्या दारात सही मागूक जातंय? म्हणान मी हयसर मासेच ठेवतंय."

ठाण्यातल्या आमच्या पोरांनी तो फोटो नेटवर शोधला. टीचरच्या पानावर तो नव्हताच. त्याच दुकानात, पण दुसऱ्याच एका प्रोफाइलवर सापडला. नाव इंग्रजी धाटणीचं, फोटो ठेवणाऱ्याचा चेहरा नाही, गाव नाही. आणि त्या पानावर आमचाच किनारा भरलेला! मासे विकणाऱ्या बायका, पोरं, म्हातारे, आणि मधोमध ही मुलगी. फोटोखाली लिहिलेलं, 'गावातली सुखी विवाहित स्त्री'. टीचरने एकेक फोटो ओळखला. सगळे तिनेच काढलेले, पण तिने नेटवर कधीच न टाकलेले. याचा अर्थ चेहऱ्यांसाठी लागणाऱ्या सह्या कुणीतरी बसून खोट्या केल्या होत्या.

गुन्हा नोंदवला. सायबर शाखेमार्फत कंपनीला पत्र गेलं आणि छापील उत्तर आलं, की विनंती मिळाली, विचार चालू आहे. परदेशातल्या कंपनीचा विचार कधी पुरा होतो ते सायबर शाखेतल्या कुणालाही विचारा. तोवर कुणकेश्वरचे लोक दुसऱ्या मुलीच्या घरी चहा पिऊन आल्याची खबर आली. बाप रोज ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायचा, काही विचारायचा नाही.

आणि मग खबर मिळाली ती कुठून? मी जिथे दुपारी जेवायचो त्या खानावळीतून! मालक माझ्या ताटात सोलकढी ओतता ओतता म्हणाला, "साहेब, आता आमच्या खानावळीचो बोर्ड बगा कसो करतंय तो. माशांच्या ताटाचो फोटो इकत घेतलंय, एकदम फॉरेनचो. एका लिंकीवरसून."

"कसल्या लिंकीवरून?"

त्याने मोबाइल दाखवला. व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर कुणीतरी नेमाने टाकत असलेला मजकूर होता. 'आपल्या कोकणचे अप्रतिम फोटो, या प्रोफाइलला भेट द्या, आमच्या लिंकवरूनच नोंदणी करा.' मी लिंक उघडली आणि हातातला घास तसाच राहिला. तेच पान, चेहरा नसलेल्या माणसाचं! मी ताट तसंच टाकून उठलो. मालक बिचारा विचारत राहिला, कढीत काय कमी झालं.

सायबर शाखेतल्या मुलीने मला समजावून सांगितलं. याला ॲफिलिएट म्हणतात. दुकान दुसऱ्याचं, माल तिसऱ्याचा, आपण फक्त गिऱ्हाईक पाठवायचं. आपल्या लिंकमध्ये आपला एक क्रमांक दडलेला असतो, त्या वाटेने जाऊन कुणी काही घेतलं की कमिशन आपल्या खात्यात. यात गुन्हा काहीच नाही, हजारो लोक प्रामाणिकपणे करतात. पण ग्रुपवर लिंक टाकणाऱ्याचा फोन नंबर तर आमच्या हातात होता! नाक्यावरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानाचा मालक. फॉर्म भरणं, झेरॉक्स, फोटोंच्या प्रिंट काढणं असले उद्योग. तिशीचा, चुणचुणीत, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा.

नोटीस देऊन त्याला ठाण्यात बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून, हातात फाइल घेऊन हजर झाला. आपल्याकडची माणसं कचेरीत शिरली की मालवणी दारात चपलांबरोबर काढून ठेवतात. हाही तसाच.

"सर, मी फक्त ॲफिलिएट आहे," तो म्हणाला. "मी त्या प्रोफाइलची जाहिरात करतो. ते प्रोफाइल कोणाचं, फोटो कोणी काढले, याच्याशी माझा संबंध नाही. कमिशन बँकेत येतं, मी कर भरतो. जाहिरात करणं गुन्हा आहे का, सर?"

गुन्हा नव्हता. त्याने फाइलमधून सगळं काढून दाखवलं आणि सगळं चोख होतं. मी त्याच्यासमोर फोटो ठेवला.

"हिला ओळखतोस?"

"नाही, सर. असेल कुणीतरी लग्न झालेली बाई. कुठलीही असेल ती. नेटवर असे लाखो फोटो असतात."

डोळ्याची पापणी हलली नाही. तासभर मी घासत राहिलो, पण पठ्ठ्या हलेना. टीचर प्रिंट काढायला याच्याकडेच जायची हे मला कळलं होतं. पण गावातली निम्मी माणसं त्याच्याकडेच जायची, तेवढ्यावरून दुकानाची झडती घेतली तर उद्या कोर्टात मलाच उभं करतील. मी खोलीतून बाहेर आलो, तोंडावर पाणी मारलं. पायरीवर तो बाप बसलेला होताच. त्याच्याकडे न बघता मी परत आत गेलो.

चौकशीचा माझा एक जुना अनुभव आहे. भित्र्या माणसाला धाक दाखवावा, हुशार माणसाला व्याख्यान द्यायला लावावं. आणि हा होता हुशार. मी दोन चहा मागवले, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि सरळ आपल्या बोलीत शिरलो.

"वायच टेकून बस रे. मी पण हयसरचोच, शिरोड्याचो. आता रिटायर होतलंय. ह्यो धंदो माका शिकव बगूया. घरी बसान मी तरी काय करू?"

तो हसला. पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. "साहेब, सोपा आसा. पण फोटो बरो होयो."

"त्या टीचरचे होडयेचे फोटो बरे आसत की."

"साहेब, मी आधी टीचरच्याच प्रोफाइलची लिंक टाकी होतंय. कोण ढुंकून बगी नाय!" आता गडी रंगात आला. खुर्ची पुढे ओढली. "मासो कोण बगता? माणूस माणसाक बगता. आता ह्यो फोटो बगा. कॅमेऱ्याकडे बगून हसाक नाय ता. पाठसून कोणीतरी हाक मारल्यान, ता वळला आणि हसला. असा हसणा इकत गावणा नाय, साहेब."

मी कप सावकाश बशीत ठेवला. अंगावर सर्रकन काटा आला, खरं सांगतो!

मालवणी न येणाऱ्या वाचकांसाठी सांगायला हवं. आमच्या बोलीत लग्न न झालेली मुलगी 'ती' नसते, 'ता' असते. ता इला, ता गेला, ता हसला. लग्न झालं, परक्या घरची सून झाली की ती 'ती' होते. लग्नानंतरही तिला 'ता' म्हणतात ते फक्त तिला परकरापासून वाढताना बघितलेले लोक. पण अनोळखी बाई, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा, तिला आमच्याकडचा कुणीही माणूस 'ता' म्हणणार नाही. जीभ वळणारच नाही तशी. प्रमाण मराठीत तो सावधपणे 'ती' म्हणाला होता. मालवणीत शिरला आणि मनात जे होतं ते बाहेर आलं.

"कोण हसला?" मी हळूच विचारलं.

"ता... ह्या फोटोतला..." आणि तो थांबला.

"लग्न झालेल्या बायलेक तू 'ता' म्हणतंस? मगाशी तर कोण खंयची ती तुका ठाऊक नाय होती. आणि पाठसून हाक मारल्यानी ह्या तुका कसा कळला? फोटोत हाक ऐकाक येता?"

चहावर साय धरायला लागली होती तरी तो कपाकडेच बघत राहिला. मी गप्प बसलो. अशा वेळी पोलिसाने बोलू नये, समोरच्याला स्वतःचं ऐकू द्यावं. मला मात्र टेबलावर चढून नाचावंसं वाटत होतं.

"साहेब," शेवटी तो म्हणाला, "मी त्या नाटकाक होतंय. पडदे ओढूक."

मग सगळंच बाहेर आलं. संमेलनाच्या फोटोंच्या प्रिंट काढायला टीचरने कॅमेऱ्यातलं कार्ड त्याच्याकडे दिलं होतं. त्याने ते अख्खं उतरवून घेतलं. मासे आणि होड्या चालेनात, म्हणून चेहऱ्यांचं स्वतःच एक प्रोफाइल उघडलं, सह्या ठोकल्या, आणि वर ॲफिलिएट होऊन त्याच प्रोफाइलची जाहिरात केली. फोटो विकला की त्याचेही पैसे त्याला, गिऱ्हाईक पाठवलं म्हणून कमिशनही त्यालाच! "कोणाचा वायट करूचा नव्हता, साहेब," तो म्हणाला. "ह्या हसणा बगून लोक येयत, इतक्याच माझ्या डोक्यात होता." माझा त्याच्यावर विश्वास बसला, आणि म्हणूनच जास्त संताप आला.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, आणि 'ता' या शब्दाचा पंचनामा होत नाही. पण आता झडतीला कारण मिळालं होतं. दुपारीच पंच घेऊन दुकानात शिरलो. जुन्या कॉम्प्युटरची डिस्क त्याने माळ्यावर टाकली होती, फेकायची म्हणून राहून गेलेली. तीत टीचरचं अख्खं कार्ड होतं. हसण्याच्या आधीचा फोटो होता, नंतरचा होता, आणि पडद्याची दोरी धरून उभा असलेला हा स्वतः एका कोपऱ्यात होता! तो सापडला तेव्हा माझ्या तोंडून जी आरोळी निघाली ती नाक्यावरच्या रिक्षावाल्यांनीही ऐकली म्हणतात. डिस्क सीलबंद केली, अटक झाली. आरोपीच्याच हाताने ते प्रोफाइल बंद झालं, आणि जाहिरातवाल्यांनी पत्र मिळताच फोटो काढून टाकला.

काम इथे संपलं होतं. पण बापाने हात जोडले, म्हणाला, साहेब, कुणकेश्वरला तुम्ही या, माझं कोण ऐकणार नाही. साध्या कपड्यांत गेलो. बाप, मुलगी, टीचर आणि मी. मुलाच्या घरच्यांना सगळं सविस्तर सांगितलं, नाटकातले बाकीचे फोटो दाखवले. मुलाच्या वडिलांचा चेहरा उजळला.

"आमचो गैरसमज झालो," ते म्हणाले. "झाला ता झाला. भटजींका इचारून आता मुहूर्त काढूया."

बशा आल्या, लाडू आले. बाप डोळे पुसत हसत होता, टीचर हसत होती. मी तर असा फुगलो होतो की विचारू नका, दुसरा लाडू उचलला होता. तेवढ्यात मुलगी बोलली. तिने बशीला हातही लावला नव्हता. ती समोर बसलेल्या मुलाकडे बघत होती.

"तुमच्याकडे माजो नंबर होतो. तुमी तो फोटो बगलास तेवा माका एक फोन कित्याक करूक नाय?"

"गप रव गो," बाप कुजबुजला.

मुलाने मान खाली घातली. मग म्हणाला, "माका भीती वाटली. तू 'होय' म्हटलंस तर काय, असा वाटला."

"आणि आता पोलिसांनी 'नाय' म्हटल्यानी म्हणान मी खरी?" तिचा आवाज चढला नव्हता. "माका कोणीच इचारूक नाय. फोटो इकतल्यानीय नाय, तुमीय नाय. आता मुहूर्त तरी माका इचारून काढा. आत्ता नको. माका वेळ होयो."

ती उठली. आम्हीही उठलो. माझ्या हातातला लाडू तसाच हातात राहिला. परतीच्या वाटेवर गाडीत बाप तिला बोलेल असं मला वाटलं होतं. पण तो काचेबाहेर बघत राहिला, आणि उतरताना फक्त म्हणाला, "बरा केलंस."

मी या केसचं कौतुक आजवर पुष्कळ ऐकलं. एका शब्दावर आरोपी पकडला म्हणून वरिष्ठांनी पाठ थोपटली, आणि मला ते आवडलं, का नाही आवडणार? पण मला शिकवलं ते कुणकेश्वरच्या त्या ओटीवरच्या प्रश्नाने. मुलीचं लग्न झालेलं नव्हतं हे मी पुराव्यानिशी सिद्ध केलं होतं. तिला ते आधीपासून ठाऊक होतं! तिला सिद्ध करणारा माणूस नको होता, विचारणारा हवा होता. चोराने तिचं हसणं न विचारता नेलं तो गुन्हा ठरला, कारण त्याला कलम आहे. बाकीच्यांनी न विचारता ठरवलं, त्याला कलम नाही. त्यानंतर ज्या थोड्या केसेस माझ्या वाट्याला आल्या, त्यांत मी पहिला प्रश्न ज्याच्यावर बेतलं होतं त्यालाच विचारला, की तुला काय हवंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाने फोन केला. बापाला नाही, मला नाही. तिला. नंतरही करत राहिला, सुट्टी वाढवून घेतली म्हणे. ती त्याच्याशी काय बोलली ते मी कधी विचारलं नाही. लग्न झालं, मी गेलो होतो. मुहूर्त तिने सांगितलेला होता, आणि भटजींनी तो बरोबर पंचांगात शोधून काढला.